पुलाअलीकडचा स्टॉप

“पाय धड आहेत गं माझे. पण बसनं गेले तर कुणाचं काय जातं?”

“कुणाचं काही जात नाही. पण हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर तुझं ऑफिस. तिथं जायला तुला बस लागते, आणि तीही समोर आलेल्या दोन सोडून तिसरीच,” अक्का चहा गाळता गाळता म्हणाली. “दुनियेच्या पोटातलं बाहेर काढतेस आणि स्वतःचं मात्र गिळून बसतेस.”

धाकटीनं कप उचलला आणि उत्तर टाळलं. उत्तर टाळायच्या सतरा वाटा तिला ठाऊक होत्या. रोज समोर बसणारी माणसंच शिकवून जायची.

या धाकटीला सगळे बाई म्हणतात. मनानं खचलेल्या माणसांशी बोलणं हा तिचा धंदा. पुलाअलीकडच्या स्टॉपसमोर लॉन्ड्री आहे, तिच्या वर तिचं ऑफिस, एकच खोली. इस्त्रीची वाफ आणि धुण्याच्या पावडरचा वास जिन्यानं वर येतो. खोलीत दोन खुर्च्या, अगदी समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या. डोळे चुकवायचे झाले तर माणसाला खिडकी सापडावी म्हणून. घड्याळ येणाऱ्याच्या डोक्यामागं, बाईला मान न वळवता दिसेल असं. लोक येतात, रडतात, भांडतात, कधी वेळ संपेपर्यंत नुसती नखं बघत बसतात. बाई ऐकते. मग एक दिवस माणूस बरा होतो आणि येईनासा होतो. सुतार आपण केलेलं कपाट निदान गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन बघून तरी येतो. हिच्या हातचं काम जिना उतरून गर्दीत मिसळतं आणि हिनं मागं जायचं नाही.

आणखी एक नियम आहे. रस्त्यात, बाजारात, कुठंही गाठ पडली तर बाईनं आधी ओळख दाखवायची नाही. त्या माणसाबरोबर सासू असेल, साहेब असेल. ही कोण, असं कुणी विचारलं तर त्यानं काय सांगायचं? त्यानं हाक मारली तर बोलायचं, नाहीतर अनोळखी. पहिल्याच भेटीत बाई हे सगळ्यांना सांगते.

एका बस ड्रायव्हरला मात्र सांगायचं राहिलं.

तो आला तेव्हा सांगण्यासारखी परिस्थितीच नव्हती. पुलावर एक सायकलवाला त्याच्या बसपुढं घसरून पडला होता. खरचटण्यावर निभावलं, सायकलवाला कपडे झटकून निघूनही गेला. ड्रायव्हर मात्र तिथंच अडकला. पूल आला की हात थरथरायचे, स्टिअरिंग धरवायचं नाही. डेपोनं त्याला ऑफिसात टेबलाशी बसवून ठेवलं. पहिल्या दिवशी तो खुर्चीत बसलाच नाही, दाराला टेकून उभा राहिला. “बाई, गाडी सोडून मला दुसरं काही येत नाही. बोलता तर मुळीच येत नाही,” एवढंच म्हणाला. बाईनं पाणी दिलं आणि नियम विसरली.

मग तो येत गेला. बोलायला लागला तर थांबेना. तिकिटावरून भांडणाऱ्या प्रवाशांच्या अशा नकला करायचा की बाईला हसू आवरायचं नाही. आधी तो पुलावरून चालत गेला, मग रिकामी गाडी घेऊन गेला. मग एकदा म्हणाला, “उद्यापासून ड्युटी. माणसं भरून. पुढच्या वेळी येतो, सगळं सांगतो, मग तुम्ही सुटलात.”

त्याच आठवड्यात बाई बसमध्ये चढली आणि स्टिअरिंगवर तोच. त्यानं आरशातून बघितलं. बघतच राहिला. बाईनं सवयीनं नजर खिडकीबाहेर लावली आणि उतरेपर्यंत तिथंच ठेवली.

पुढच्या भेटीला तो आला नाही. रिकाम्या खुर्चीकडं बघता बघता बाईच्या डोक्यात प्रकाश पडला, की या माणसाला आपण काही सांगितलंच नव्हतं. तिनं फोन केला, त्यानं उचलला नाही. पुन्हा करणार होती. पण तो बरा झालाय, गाडी चालवतोय, मग हा फोन कुणासाठी, असं तिनं स्वतःला विचारलं आणि फोन पर्समध्ये टाकला. ऐकायची ओढ हिलाच होती. पुलावर पहिल्यांदा भरली गाडी घातली तेव्हा ते हात कसे होते?

म्हणून ती तिसरी बस, त्याची. मागच्या दारानं चढायचं, पुलाअलीकडं मागच्याच दारानं उतरायचं आणि बस पलीकडं दिसेनाशी होईपर्यंत उभं राहायचं. पुलावर ब्रेकचा दिवा पेटत नाही, एवढं तिथून कळायचं. हात दिसायचे नाहीत. लॉन्ड्रीवाल्याला वाटायचं, बाईंचं कुणीतरी रोज गावाला जातंय.

“कोण आहे ते मला माहीत नाही, विचारतही नाही,” अक्का कप विसळत म्हणाली. “पण रोज ताटावर बसायचं आणि न जेवता उठायचं, असं चाललंय तुझं. बोलून तरी टाक.”

त्या दिवशी पुलाअलीकडं गाड्यांची रांग लागली होती. बस मुंगीच्या पावलानं सरकत होती. बाई मागच्या सीटवरून उठली आणि दांडे धरत पुढं गेली.

“ओळखलंत का?”

ड्रायव्हरनं समोरच्या काचेवरची नजर काढली नाही. “मी कशाला विसरतोय. तुम्हीच त्या दिवशी बाहेरचे खांब मोजत होतात.”

“बाहेर मी आधी ओळख दाखवत नाही. कुणालाच नाही. माणसाची पंचाईत होऊ नये म्हणून. हे पहिल्या दिवशी सांगायचं असतं. तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.”

त्यानं गाडी जराशी पुढं घेतली. “मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, वर खोलीत ठीक आहे, चारचौघांत ड्रायव्हरची ओळख कोण सांगणार.”

“चुकलं माझं.”

“असू दे.” त्यानं गिअर बदलला. “मग येऊ का एकदा? पुलावरचं सांगायचं राहिलंय.”

‘हो’ अगदी जिभेवर येऊन बसलं होतं. पण त्याचे हात स्टिअरिंगवर सैल पडले होते आणि एक बोट आपल्याच नादात कसलातरी ठेका धरत होतं. बाईनं ते बघितलं.

“तुम्हाला गरज वाटली तर या,” ती म्हणाली. “माझ्यासाठी नका येऊ.”

तेव्हा त्यानं वळून बघितलं आणि हसला. “मग नाही येत.”

“ड्रायव्हरसाहेब, गप्पांचं पण तिकीट फाडू का?” मागून कंडक्टरचा आवाज आला. रांग पुढं सरकली होती. स्टॉप आला तशी बाई उतरली. बस पुलावर चढली, पलीकडं उतरली. बाई तिथं आजही उभी राहिली, बस दिसेनाशी झाल्यावरही थोडी राहिली. मग लॉन्ड्रीवाल्यानं हाक मारली, “बाई, वर कुणीतरी येऊन बसलंय.”

जिन्याच्या वरच्या पायरीवर एक तरुण मुलगी भिंतीला चिकटून बसली होती. बाईनं कुलूप काढलं.

“आत या. एक गोष्ट आधी सांगते, मग राहायला नको. रस्त्यात गाठ पडली तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर दाखवीन.”

“रस्त्यात कुठली भेटतेय मी,” मुलगी म्हणाली. “घराबाहेर पाऊल टाकवत नाही म्हणून तर आलेय. दादानं ओढत आणलं. खाली उभा आहे.”

बाईनं पर्स खुंटीला लावली आणि समोरची खुर्ची जराशी खिडकीकडं वळवली.

“बसा. जिना तर चढून आलात ना? तिथपासून सांगा.”