क्षयाच्या खाटेवर वाचलेली पुस्तकं

कादंबऱ्यांतल्या नायिका क्षयाने मरत, तेव्हा फार सुंदर मरत. मराठी फायनल झाल्यापासून मी हाताला लागेल ती कादंबरी वाचत आले होते, त्यामुळे हे मला पक्कं ठाऊक होतं. नायिका खिडकीपाशी निजलेली असे. गालांवर लाली, डोळे मोठे. ती एकदाच खोकत असे आणि पांढऱ्या रुमालावर गुलाबाच्या पाकळीएवढा डाग पडे. मग नायक तिचा हात हातात घेई. त्या पानांवर मी हुंदके देऊन रडले आहे.

बाविसाव्या वर्षी मला क्षय झाला. पहिल्याच आठवड्यात कळलं, की या लेखकांपैकी एकानेही क्षयाचं माणूस जवळून पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या कुठल्याच कादंबरीत थुंकीचं भांडं नव्हतं.

आमच्या वॉर्डात ते प्रत्येकीच्या खाटेशी असे. पांढरं, निळ्या काठाचं, वर झाकण, तळाशी फिनेल. सकाळी आया ती भांडी गोळा करून न्यायची, तेव्हा झाकणं खुळखुळायची. त्यापाठोपाठच दुधाचा पेला यायचा. दुधात कच्चं अंडं फेटलेलं, आणि मागून चमचाभर माशाचं तेल. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. पहिल्या दिवशी मी तो पेला नाकाशी नेला आणि ओकले. परिचारिका म्हणाली, "ओका खुशाल. दुसरा आणते." तिने खरंच दुसरा आणला.

महायुद्धाचे दिवस होते. आमचं गाव वाईजवळ, कृष्णाकाठी. मी तिथे मुलींच्या शाळेत शिकवत असे. वडिलांना आम्ही तात्या म्हणत असू. ते हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते आणि गावचं वाचनालय सांभाळत होते. पुस्तकाला पाय लागला तर ते आम्हाला नमस्कार करायला लावत. माझं दुखणं कळल्यावर त्यांनी मला सांगलीकडच्या माळावरच्या एका दवाखान्यात आणून ठेवलं. निघताना त्यांनी दोन कादंबऱ्या उशाशी ठेवल्या आणि उपरण्याने हात पुसले. ते हात पुसणं तेव्हा मला खटकलं नाही.

वॉर्ड म्हणजे एक लांब उघडी पडवी. पडवीच्या टोकाला भिंतीत कपाट होतं. बऱ्या होऊन गेलेल्या आणि मरून गेलेल्या बायकांनी मागे ठेवलेली पुस्तकं त्यात होती. माझ्या दोन कादंबऱ्या संपल्यावर मी तिथली एक उचलली. नायक-नायिकेची घाटावर भेट होते त्या पानावर सुकलेला, पिवळट, कडेला तपकिरी असा एक डाग होता. पुस्तक माझ्या हातून पडलं. मी साबणाने मनगटापर्यंत हात धुतले, आणि तरी डागाला लागलेलं बोट दिवसभर साडीला पुसत राहिले. पण खाटेवर महिनोन्‌महिने पडून राहायचं म्हणजे किळसही थकते. पंधरवड्याने मी तेच पुस्तक पुन्हा काढलं, डागाचं पान चिमटीत धरून उलटलं आणि पुढे वाचलं.

माझ्या डाव्या खाटेवर सांगलीच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. विधवा, हाडकुळ्या, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांना सगळा वॉर्ड मास्तरीणबाई म्हणे. त्या फक्त थोरामोठ्यांची चरित्रं वाचत, आणि ती वाचण्याची त्यांची तऱ्हा वेगळी होती. आधी त्या चरित्रनायकाची बायको शोधून काढत.

"ही बघ, सापडली," त्या एकदा म्हणाल्या. "एकशे नव्वद पानं झाल्यावर सापडली, आणि तीही मेलेली. ऐक. 'याच सुमारास त्यांच्या पत्नीचे क्षयाने निधन झाले.' आता पुढचं वाक्य. 'पुढच्याच वर्षी ते कायदे कौन्सिलात निवडून आले.' मधे काय आहे सांग?"

"काही नाही," मी म्हटलं.

"पूर्णविराम आहे. ती कुठे निजत होती, तिचं भांडं कोण घासत होतं, हा तिच्या खोलीत जात होता की उंबऱ्यातूनच चौकशी करत होता, काही नाही. शी! चारशे पानांचा ग्रंथ, वर सोन्याची अक्षरं."

असं म्हणून त्या पुस्तक छातीवर पालथं टाकत आणि खोकत. ते पुस्तक मात्र त्यांनी कपाटात परत ठेवलं नाही. शिव्या घालत घालत पुन्हा पुन्हा वाचलं.

उजव्या खाटेवर सातारा जिल्ह्यातल्या एका फौजी गावची बाई होती. तिच्या नवऱ्याची पलटण इटलीत होती, म्हणून तिचं नाव पडलं फौजीण. तिला अक्षरओळख नव्हती. मी तिला सवयीने 'अगं' म्हणे आणि ती मला 'तुमी' म्हणे. आम्ही दोघी सारख्याच भांड्यांत थुंकत होतो, तरी या रीतीत बदल झाला नव्हता.

फौजिणीकडे एक पुस्तक होतं. गोऱ्या शिपायांनी वाचून टाकून दिलेलं, तिच्या नवऱ्याने उचलून रजेवर येताना आणलेलं. पानभर रंगीत चौकोन, चौकोनात चित्रं, चित्रातल्या माणसांच्या तोंडातून फुगे निघालेले आणि फुग्यांत इंग्रजी. मला त्या भडक रंगांची शिसारी यायची. त्याहून जास्त ती बोट जिभेला लावून पान उलटायची त्याची.

"अगं, थुंकी नको लावूस," मी म्हणायचे.

"माझीच थुकी, माझंच पुस्तक," ती म्हणायची. "तुमी इकडं बगा तर खरं. हा कुत्रा हाय न्हवं, ह्यो त्या शिपायाचा न्हाई. ह्यो त्या पिवळ्या केसाच्या बाईचा. शिपायानं तिला फशिवलंया, म्हून कुत्रा त्येच्या मागं लागलाय."

"फशिवलंय कशावरून?"

"आवं, तोंड बगा की त्येचं. पयल्या चौकुनात हसतुया, दुसऱ्यात हाय का हसू? आन दोन चौकुनांच्या मदी काय झालं, ते आपुन वळखायचं."

हळूहळू मी तिच्याकडून ते चौकोन वाचायला शिकले. पांढऱ्या रेघेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, ते पाहायला शिकले. त्या पुस्तकात कुणी आजारी पडत नसे. माणूस कड्यावरून पडे, पुढच्या चौकोनात डोक्याला पट्टी बांधून धावे. आम्हा दोघींना ते वाचून हसू यायचं, आणि हसलं की दोघींनाही खोकला यायचा.

थंडीत मास्तरीणबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या आला. पायऱ्यांशीच उभा राहिला, धोतराचा सोगा नाकाला लावून. ट्रंक त्याने हमालाकरवी बाहेर काढली. परिचारिकेने सोनेरी अक्षरांचं ते चरित्र पुढे केलं, तर तो दोन पावलं मागे सरकला.

"ते तुमच्याकडेच राहू द्या," तो म्हणाला. "काकूंची आठवण म्हणून."

पुस्तक मी ठेवून घेतलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला डॉक्टरांनी मला घरी जायची परवानगी दिली. फासळ्यांमधून सुई घालून छातीत हवा भरत, त्या उपचाराने मला गुण आला होता. फक्त दर महिन्याला हवा भरायला परत यायचं होतं. मी निघाले तेव्हा फौजिणीने चौकोनांचं पुस्तक माझ्या हातात दिलं.

"तुमच्या वडलास्नी इंग्रजी येतं न्हवं? ती माणसं खरं काय बोलत्यात, तेवढं इचारून या. पुढल्या खेपंला माघारी आना."

ते पुस्तक, मास्तरीणबाईंचं चरित्र आणि माझ्या दोन कादंबऱ्या, सगळ्यांना डॉक्टरांनी औषधाची वाफ देववली. मग दोन दिवस कडक उन्हात ठेवून म्हणाले, "आता कुणी घाबरायचं कारण नाही."

घरी माझी खाट गोठ्याशेजारच्या पडवीत टाकली होती. ताट-वाटी वेगळी. भावाचं लेकरू रांगायला लागलं होतं, ते मी समजू शकत होते. पुस्तकांचं गाठोडं तात्यांच्या समोर ठेवून मी त्यांना चौकोनांच्या पुस्तकाचं सांगितलं. त्यांनी हात लावला नाही. "बघू," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला गेले तर बंब चांगला तापलेला. खाली राखेत एक रंगीत कोपरा अर्धवट जळून पडला होता. त्यावर पिवळे केस आणि अर्धं तोंड. बाजूला कादंबरीचा पुठ्ठा काळा होऊन वळला होता. मी तशीच ओसरीवर गेले.

"तात्या, ते पुस्तक माझं नव्हतं."

"घरात लेकरू आहे," ते म्हणाले. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं नाही.

"डॉक्टरांनी वाफ दिली होती."

"डॉक्टरांचं डॉक्टरांपाशी. आणि चित्रंच तर होती. त्यात वाचण्यासारखं काय होतं?"

"आणि चरित्र? तेही जाळलंत?"

"ते कसं जाळीन? ते आपल्या वाचनालयात नव्हतं. कागद मिळत नाही हल्ली, असा ग्रंथ पुन्हा निघायचा नाही. दिवसभर उन्हात ठेवलं आणि कालच नेऊन लावलं."

म्हणजे रोग कादंबरीला चिकटतो, चित्राला चिकटतो, सोन्याच्या अक्षरांना चिकटत नाही! त्यांनी लेकराचं नाव घेतलं नसतं तर मला एवढी शिसारी आली नसती. तापलेल्या पाण्याला मी हात लावला नाही. ओला पंचा अंगावरून फिरवला आणि पदर खोचून वाचनालयात गेले.

वाचनालय म्हणजे देवळामागची एक खोली. आत गावातले चार प्रतिष्ठित बसलेले. एक निवृत्त मामलेदार चष्मा नाकावर ओढून तेच चरित्र वाचत होते. जिभेला बोट लावत, पान उलटत, पुन्हा जिभेला बोट लावत. मी दारातच उभी राहून ते पाहिलं.

"काका," मी म्हटलं, "ते पुस्तक क्षयाच्या वॉर्डातलं आहे. ज्यांचं होतं त्या बाई माघात वारल्या. शेवटपर्यंत छातीवर होतं त्यांच्या."

मामलेदारांनी ते असं टाकलं, की जणू साप हातात आला असावा. मग ते दारात येऊन थुंकले. एकदा, दोनदा, देवळाच्या फरसबंदीवर. उपरण्याने जीभ पुसली. दुसरे एक गृहस्थ भिंतीला चिकटून उभे होते आणि "तुला शरम नाही वाटत?" असं मलाच विचारत होते. मामलेदार घाटाकडे धावले. तिथे पोरं पोहत होती, बायका घागरी भरत होत्या, आणि त्याच पाण्यात ते गुळण्या करत होते.

मी पुस्तक उचललं, पदराने पुसलं आणि घरी आले. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. तोंडाला अंड्याच्या दुधासारखी चव आली होती. संध्याकाळपर्यंत वाचनालय फिनेलाने धुऊन काढल्याचं कळलं. तात्या माझ्याशी बोलले नाहीत. भावाने मात्र सांगितलं, की शाळेच्या कमिटीने माझी जागा भरायचं ठरवलंय. आई चुलीपाशी रडत होती; पडवीत आली नाही.

हवा भरायची तारीख दूर होती, तरी मी दुसऱ्याच दिवशी परत निघाले.

दवाखान्यात शिवणखोलीत माणूस हवं होतं. बऱ्या झालेल्या बायकांना डॉक्टर अशी कामं देत असत. मी ते धरलं. फौजिणीला मी काय झालं ते सांगितलं. लपवावंसं वाटलं नाही. ती आधी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग उठून बसली.

"बंबात?"

"हो."

"आन वडलांनी वाचलं न्हाईच?"

"नाही."

"श्या!" तिने भांड्याचं झाकण उचललं, थुंकली आणि झाकण दाणकन आपटलं. मग मला म्हणाली, "बसा हितं. त्यो मामलेदार पळाला कसा, ते परत सांगा."

मी ते तिला कितीदा सांगितलं असेल! पुढे आमची चाल अशी पडली, की दुपारच्या विश्रांतीनंतर मी वॉर्डात मोठ्याने वाचायचे. कधी कादंबरी, कधी चरित्र. फौजीण मधे थांबवून विचारायची, "त्येची बायकू कुटं हाय आता?" वॉर्डात नवीन आलेल्या बायकांनाही मग तीच खोड लागली.

लढाई संपल्यावर फौजिणीचा नवरा तिला न्यायला आला. खाकी कपड्यांतला उंच, अबोल माणूस. सरळ तिच्या खाटेवर बसला म्हणून परिचारिका रागावली, तर तो हसला आणि बसूनच राहिला. तिच्या थुंकीत आता काही सापडत नव्हतं. दुपारच्या मोटारीपर्यंत मी त्यांना पोचवायला गेले.

मोटार खच्चून भरलेली होती. दवाखान्याच्या फाट्यावरून चढणारी माणसं पाहताच आतल्या लोकांनी पदर, टोप्या, रुमाल, जे हाताशी होतं ते नाकाला लावलं. क्लीनर म्हणाला, "जागा न्हाई." फौजी काही बोलणार, तेवढ्यात फौजिणीने त्याचा हात दाबला. पायरीवर चढली, छातीवर हात ठेवला आणि असा खोल, घरघरता, खोटा खोकला काढला, की मलाही क्षणभर भीती वाटली. पुढचा आख्खा बाक रिकामा झाला. माणसं एकमेकांच्या मांड्यांवर जाऊन बसली.

ती नवऱ्याला घेऊन त्या बाकावर ऐसपैस बसली. गाठोडंसुद्धा खाली ठेवलं नाही, शेजारी ठेवलं. मोटार निघाली तेव्हा तिने खिडकीतून मान बाहेर काढली.

"बगितलं का, बाई?" ती ओरडली. "लय जागा हाय!"