बाजाराच्या दिवशीचं कुलूप

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. मी तिथे एका लाकूड ठेकेदाराकडे मुनीम होतो. आमचा ट्रक वैनगंगेच्या घाटावर कलंडला आणि डिझेलची पिंपं नदीत फुटली. कोणाचं किती नुकसान झालं ते लिहून घ्यायला ठेकेदाराने मला धाडलं. मासे धरणाऱ्या ढिवरांचं लिहून झाल्यावर रांगेत शेवटी एक शिंपी उरला. गळ्यात टेप, खांद्यावर बांबूचा गळ.

"किती मासे गेले?"

"एक बी नाई. मले मासा लागतच नाई."

"मग नुकसान कसलं?"

टेपचं टोक बोटाला गुंडाळत तो म्हणाला, "बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी इथी बसतो. दोन सदऱ्याची शिलाई सोडतो, तवा हे बसणं भेटते. तेवढं लिवा."

"पण आता नदीवर तेल आहे म्हणून दुकान उघडं राहतं. तुमचा फायदाच झाला की."

"झाला ना भाऊ," तो हसला. "म्हणून तं भरपाई मांगाले आलो."

मी दोन सदरे लिहिले. ठेकेदाराने ते खोडले.

नदीवरचं तेल गेल्यावर एका बाजाराच्या दिवशी मी सदऱ्याचं कापड घेऊन त्याच्याकडे गेलो. दुकानाला कुलूप होतं. मला इतकं बरं वाटलं, की कापड काखोटीला मारून मी शीळ घालत परतलो.