आत्यांना खरं उत्तर हवं असे

‘काम कसं चाललंय?’ हा प्रश्न जगात सगळेच सगळ्यांना विचारतात, पण त्याचं खरं उत्तर मिळेपर्यंत समोरून न हलणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती म्हणजे मिलिंदच्या आत्या. मिलिंद माझा नवरा. त्याच्या आत्या लंडनच्या हाउन्सलो भागात आमच्या दोघांच्याही जन्माआधीपासून राहत होत्या आणि तेव्हापासून भेटेल त्याची ही चौकशी करत होत्या. दाताच्या डॉक्टरकडे तोंडात नळी असतानासुद्धा त्यांनी तिथल्या नर्सला हातवाऱ्यांनी विचारलं होतं, की तुला जेवायला सुट्टी मिळते का? वेम्बलीला साडी घ्यायला गेल्या, तर साडी बघायच्या आधी काउंटरमागच्या मुलीच्या सुजलेल्या पायांकडे बघितलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, “हिला स्टूल आणा, मग मी पदर बघते.” त्याने आणलं. एकदा त्यांच्या घरी नळ दुरुस्त करायला एक आडदांड इंग्रज आला. आत्यांनी त्याला चहा दिला आणि ‘तुझा साहेब कसा आहे?’ एवढंच विचारलं. तो तासभर बोलला, शेवटी डोळे पुसत गेला, आणि नळ गळतच राहिला. मिलिंद वैतागला. आत्या म्हणाल्या, “नळाचं काय रे, तो उद्याही गळेल. त्या माणसाला आज बोलायचं होतं.”

पुण्याच्या कंपनीने मिलिंदला लंडनला पाठवलं तेव्हा आम्ही पहिले काही महिने आत्यांकडेच राहिलो. त्यांचे यजमान हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लीड्सला. घरात आत्या, त्यांची तुळस आणि त्यांचा आवाज. मी एम.कॉम. झालेली, पुण्यात बँकेत नोकरी केलेली, त्यामुळे रोज कुठे ना कुठे अर्ज पाठवायची, आणि सगळीकडून एकच उत्तर यायचं, की तुम्हाला यू.के.चा एक्स्पिरियन्स नाही. एक दिवस आत्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “माझ्या कंपनीत चल. यू.के.चा एक्स्पिरियन्स तिथे भरपूर मिळतो.”

आत्यांची कंपनी विमानात देतात त्या जेवणाचे ट्रे भरायची. एअरपोर्टच्या कुंपणाला लागून एक लांबलचक इमारत, आत फ्रिजसारखा गार हॉल आणि त्यात सरकत जाणारा पट्टा. त्याला सगळे ‘लाइन’ म्हणत. लाइनच्या दोन्ही बाजूंना पांढरे कोट, डोक्यावर जाळ्या आणि पायांत रबरी बूट घालून आम्ही बायका उभ्या. कोणी ब्रेड ठेवायची, कोणी लोणी, कोणी काट्याचमच्याची पिशवी. आत्यांकडे सॅलड होतं. त्या कंपनीच्या कायम नोकरीत होत्या, मी एजन्सीमार्फत, म्हणजे एजन्सीचा फोन आला तरच शिफ्ट. आत्यांना सॅलडचा इतका अभिमान, की सुट्टीच्या दिवशी परसात कपडे वाळत घालताना डोक्यावरून विमान गेलं की चिमटा तोंडात धरून म्हणायच्या, “गेलं बघ माझं सॅलड न्यूयॉर्कला.” स्वतः मात्र कित्येक वर्षांत विमानात बसल्या नव्हत्या. ट्रेमधली काकडी वाकडी दिसली तर त्या ती सरळ करायच्या. ‘कुणीतरी आईला भेटायला चाललं असेल, त्याला वाकडी काकडी कशाला?’ असं त्यांचं म्हणणं.

कामाला जाताना आम्ही बसच्या वरच्या मजल्यावर बसायचो. त्या बसमध्ये निम्म्या आमच्याच बायका असत, आणि कंपनीबद्दलचं सगळं खरं तिथे ऐकायला मिळायचं. पंजाबी, गुजराती, पोलिश, सगळ्या आपापल्या भाषेत तेच बोलायच्या. पाय सुजतात. बोटं बधिर होतात. हॉलमध्ये बसायला काही म्हणजे काही नाही. चहाची सुट्टी लाइन थांबल्या क्षणापासून मोजतात, त्यामुळे कोट काढून, हात धुऊन, इमारतीच्या दुसऱ्या टोकाच्या कॅन्टीनला पोचेपर्यंत परत निघायची वेळ होते. आत्यांनी तर चालता चालता पोळीचा रोल खायची कला इतकी साधली होती, की कॅन्टीनच्या दाराशी त्यांचा शेवटचा घास असायचा आणि दाराला हात लावून त्या मागे फिरायच्या. पण बस थांबली, फाटक ओलांडलं आणि मॅनेजरने “हाउ आर वी, लेडीज?” असं विचारलं, की मघाशी कळवळून बोलणाऱ्या सगळ्या एका सुरात म्हणायच्या, “व्हेरी नाइस, थँक यू.” ह्या ‘व्हेरी नाइस’चा आत्यांना भयंकर राग. “फाटकात काय जादूटोणा केलाय गं?” त्या मला विचारायच्या. “बसमध्ये पाय दुखतात, खाली उतरल्यावर दुखत नाहीत?”

लाइनवर माझ्या शेजारी बलजीत नावाची एक मुलगी असायची. लग्न होऊन नुकतीच जालंधरहून आलेली, तीही एजन्सीची. एका सकाळी लोणी ठेवता ठेवता ती पांढरीफटक पडली आणि पट्ट्यावरच कलंडली. आत्यांनी तिला धरलं, एक रिकामा क्रेट उलटा केला आणि त्यावर बसवलं. सुपरवायझर धावत आला. क्रेटवर बसायची परवानगी नाही म्हणाला, आणि पुढे म्हणाला, की हिला झेपत नसेल तर एजन्सी दुसरी पाठवेल. बलजीत ताडकन उठून उभी राहिली. “आय अ‍ॅम फाइन,” ती म्हणाली, आणि दिवसभर उभी राहिली. परतताना बसमध्ये तिने आत्यांच्या कानात सांगितलं, की तिला दिवस गेले आहेत, आणि एजन्सीला कळलं तर फोन यायचा बंद होईल. आत्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. घरी आल्यावर जेवल्या नाहीत. मिलिंदने कारण विचारलं तर म्हणाल्या, “मी ठरवतेय.”

त्यांनी काय ठरवलं ते लवकरच कळलं. हेड ऑफिसची एक बाई येणार होती, कामगारांचं म्हणणं ऐकून घ्यायला. अशी बाई दर वर्षी यायची. कॅन्टीनमध्ये समोसे मागवायचे, ती विचारायची, सगळ्या व्हेरी नाइस म्हणायच्या, आणि ती खूश होऊन जायची. या वेळी आत्यांनी बसच्या वरच्या मजल्यावर तालीमच सुरू केली. त्या दोन बाकांच्या मधल्या वाटेत उभ्या राहायच्या, बस वळली की दांडा पकडायच्या, आणि एकेकीला विचारायच्या, “काल घरी जाऊन नवऱ्याला काय सांगितलंस? तेच सांगायचं. एक शब्द वाढवायचा नाही, एक कमी करायचा नाही.” त्यांची हिंदी पंजाबी बायकांना कळायची, मराठी गुजराती बायकांना कळायची, आणि जेमतेम इंग्रजी येणाऱ्या हलिना नावाच्या पोलिश बाईला त्या नुसत्या बोट रोखून “यू! हाउस! हजबंड! व्हॉट?” असं विचारायच्या. हलिनाला नवरा नव्हता. “मग मांजराला काय सांगतेस ते सांग,” आत्या म्हणाल्या, आणि ते मी इंग्रजीत सांगितल्यावर हलिना पहिल्यांदाच हसलेली मी पाहिली. पण तालमीत सगळ्या बोलल्या तरी उतरताना कुणीच आत्यांच्या नजरेला नजर देत नव्हतं. मीसुद्धा धास्तावले होते. मिलिंद म्हणाला, “आत्या, तुमची नोकरी पक्की आहे हो, बाकीच्यांची नाही.” आत्या म्हणाल्या, “म्हणूनच मी आधी बोलणार.”

बाई आली. समोसे आले. मॅनेजर हात चोळत उभा राहिला. बाईने गोड आवाजात विचारलं, की इथे काम करताना तुम्हाला कसं वाटतं, अगदी मोकळेपणाने सांगा. आत्या उठल्या आणि मराठीत बोलायला लागल्या. मॅनेजर गोंधळला. “पण तुम्हाला तर इंग्लिश येतं!” तो म्हणाला. आत्यांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं आणि इंग्रजीत म्हणाल्या, “टुडे, नो.” मग मला हाक मारली, “ऊठ गं, सांग त्यांना.” नंतर त्यांनी मला कारण सांगितलं, की इंग्रजीत बोललं की हे लोक पहिल्या वाक्यालाच ‘थँक यू’ म्हणून खाली बसवतात, मराठीत बोललं की शेवटपर्यंत थांबावंच लागतं. मी उठले. आत्या एक वाक्य बोलायच्या, माझ्याकडे बघायच्या, आणि मी सांगायची. गार हॉल. उभं राहणं. चहाच्या सुट्टीत चहा नसणं. क्रेटवर बसलं तर उठवणं. बलजीतचं नाव त्यांनी घेतलं नाही. तिच्या दिशेने पाहिलंसुद्धा नाही.

आत्या बसल्या. बाईने विचारलं, “आणखी कुणाला असंच वाटतं का?” कुणी हललं नाही. समोशांच्या बशीतली चिंचेची चटणी पातळ होती, ती टेबलावर ओघळत होती, आणि सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. मॅनेजरच्या चेहऱ्यावर हसू परत यायला लागलं. आत्यांचा हात माझ्या हातात होता आणि तो थंडगार पडला होता. तेव्हा मला कळलं, की त्या घाबरल्या आहेत.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बलजीत उभी होती. ती पंजाबीत बोलली, कुणाकडेही न बघता, थेट त्या बाईला. तिला दिवस गेलेत, तिला दिवसातून थोडा वेळ तरी बसायला हवं, आणि हे सांगितल्यामुळे काम जाणार असेल तर तेही आत्ताच सांगा. तिच्या शेजारच्या बाईने ते इंग्रजीत सांगितलं. मग हलिना उठली आणि पोलिशमध्ये बोलली. मग कोकिळाबेन गुजरातीत. प्रत्येकीचं बोलणं, मग त्याचं इंग्रजी, मग पुढची. लाइन बंद होती. मॅनेजर घड्याळाकडे बघत होता, सुपरवायझर दारातून खुणा करत होता, आणि बाहेर कुठलंतरी विमान त्याच्या ट्रेची वाट बघत उभं होतं. बाईने हातातला समोसा खाली ठेवला. तिने कुणालाच मध्ये थांबवलं नाही, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

पुढच्या आठवड्यात एजन्सीचा मला फोन आला नाही. बलजीतलाही नाही. मी आत्यांना काही बोलले नाही, पण त्यांना कळायचं ते कळलंच. सुट्टीच्या दिवशी त्या मला, बलजीतला आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन एजन्सीच्या ऑफिसात गेल्या, सोफ्यावर बसल्या, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मेथी निवडायला लागल्या. मी शरमेने भिंतीकडे तोंड करून उभी. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, काय काम आहे? आत्या म्हणाल्या, “काही नाही. ह्या दोघींना फोन का आला नाही ते कळेपर्यंत बसलेय.” एजन्सीचा साहेब बाहेर आला, आत गेला, परत आला. आत्या निवडतच होत्या. मध्येच त्यांनी त्या काउंटरवरच्या मुलीला विचारलं, “तुला जेवायला सुट्टी मिळते का गं?” ती मुलगी इकडेतिकडे बघून हळूच बोलायला लागली, आणि तिचं बोलणं रंगात येतंय असं दिसल्यावर साहेबाने लगबगीने येऊन आम्हा दोघींच्या शिफ्ट जाहीर केल्या. निवडलेली मेथी आत्यांनी अर्धी त्या मुलीला दिली.

सगळं काही मिळालं नाही. हॉल गारच राहिला, तो गार असावाच लागतो. पण लाइनशेजारी स्टुलं आली, पाळीपाळीने बसता यायला लागलं, आणि चहाची सुट्टी कॅन्टीनच्या दारात पोचल्यापासून मोजायला लागले. बलजीत शेवटच्या महिन्यांत बसून एकात एक अडकलेले कॉफीचे कप सुटे करायचं काम करायची. तिला मुलगी झाली. आत्या त्या दिवशी रबरी बूट न बदलताच हॉस्पिटलला गेल्या, आणि तिथल्या सुईणीला त्यांनी पहिला प्रश्न कोणता विचारला असेल ते सांगायला नको.

पुढे मला रेडिंगला ऑफिसची नोकरी मिळाली आणि आम्ही तिकडे गेलो. आत्यांचे गुडघे दुखायला लागले, त्यांनी काम सोडलं, हाउन्सलोचं घर विकलं आणि त्या लीड्सला मुलीकडे राहायला गेल्या. एका रविवारी मी फोन केला. नेहमी खणखणीत येणारा आवाज बारीक झाला होता. जावई भला आहे, घर उबदार आहे, खिडकीतून टेकडी दिसते, असं सांगत होत्या. शेजारचे लोक कामाला जातात आणि गाडीतून थेट घरात शिरतात, मध्ये कुणी भेटत नाही, असंही म्हणाल्या. मग गप्प झाल्या. आत्या गप्प झाल्याचं मला सहन होईना. मी माझ्या ऑफिसबद्दल सांगायला लागले. एक बाई रजेवर गेली आहे आणि तिचंही काम माझ्याकडे आलंय, रोज उशीर होतो, साहेबाला अजून विचारलेलं नाही.

“का नाही विचारलंस?” पलीकडे आवाज जरा वर चढला.

“बघते ना, आत्या.”

“बघायचंय काय त्यात? उद्या विचार.” मग जरा हळू म्हणाल्या, “आणि काय म्हणाला ते मला सांग. केव्हाही फोन कर. मी घरीच असते.”