तोंड नसलेली पाहुणी

सकाळी पडवीच्या भिंतीवर एक मोठा पतंग बसलेला दिसला. तळहाताएवढे कोवळ्या पोपटी रंगाचे पंख, प्रत्येकावर एक डोळा आणि मागे दोन लांब शेपट्या. कुणी ठेवणीतलं नेसून यावं आणि दार वाजवायचं राहून जावं, तसा.

आमच्याकडे दारी आलेल्याला आधी गूळ-पाणी देतात. हे गेल्यापासून फारसं कुणी येत नाही, पण हाताची सवय जात नाही. मी वाटीत गूळ विरघळवला आणि त्याच्यासमोर कठड्यावर ठेवला.

शेजारची मेघना कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. ती फुलं न्यायला आली आणि वाटी बघून हसलीच.

"काकू, हा चांद्रपतंग. रानरेशमाच्या किड्यांच्या कुळातला. फुलपाखरासारखे पंख मिटून बसत नाही. मिशा अरुंद आहेत, म्हणजे मादी. पण हिला खायला तोंडच नसतं."

"मग जगते कशावर?"

"अळी असताना खाल्लं, त्यावर आठवडाभर. एका जागी बसून नराची वाट बघायची, अंडी घालायची, संपलं."

मेघना गेली. मी तिथेच बसून राहिले. एकटीसाठी चूल पेटवताना माझीही भूक मरते. तोंड आहे म्हणून दोन घास ढकलायचे, इतकंच.

गूळ-पाणी मीच प्यायले. दुपारी ताट वाढून घेतलं आणि पडवीत आणलं. कितीतरी महिन्यांनी कुणाच्या तरी समोर बसून पोटभर जेवले.