चटयांखालच्या फळ्या

आमच्या निशी-कसाई उपनगरातल्या दवाखान्यात लेकीच्या गुडघ्याला टाके घालायचेत. स्पिरिटचा वास आला आणि मला ओसाकाजवळचं ते देऊळ आठवलं. पीएचडीचे दिवस होते. पुजाऱ्याची म्हातारी बायको चहा देत म्हणाली, "दीडशे वर्षांपूर्वी यादवी झाली, तेव्हा चटया काढून जखमी सैनिकांना इथेच फळ्यांवर निजवलं होतं. खाली डाग अजून आहेत."

मी चटकन पाय आखडले.

"कोणत्या बाजूचे सैनिक?"

"दोन्ही. आजेसासूबाई त्यांचे हात धरून बसायच्या. जखमींनी आवळून त्यांची बोटं इतकी सुजायची, की जेवताना वाटी धरवायची नाही."

हात धरणं हा काय उपचार, असं मनात म्हणत मी बस गाठायला उठले होते.

"आई, हात धरा," आत्ता नर्स सांगते. सुई दिसताच लेक माझी बोटं करकचून आवळते. ती बधिर होतात. मी दुसराही हात पुढे करते.