थोरलीने न केलेली नोंद

नवं यंत्र विकत घेतलं की खोक्याच्या तळाशी एक पातळ पुस्तिका सापडते. यंत्र कसं चालू करायचं, बिघडलं तर काय करायचं, असं सगळं त्यात असतं. थोरलीचे सासरे घराच्या पुढच्या खोलीत बसून अशा पुस्तिका लिहून देण्याचा धंदा करत. "त्या कोण वाचतं?" असं त्या घरात चुकूनही म्हणायची सोय नव्हती.

थोरली लग्न होऊन आली आणि वर्षाच्या आतच सासऱ्यांच्या समोरच्या टेबलावर बसू लागली. तिची लिहायची तऱ्हा न्यारी होती. पंपाबद्दल लिहायचं असेल तर आधी तो पंप स्वतः खोलून बसायची, चुकीचा स्क्रू पिळायची, हात काळे करून घ्यायची आणि मग लिहायची. सासरे आल्यागेल्याला सांगत, "माझी सूनबाई यंत्र आधी बिघडवते आणि मग दुरुस्त कसं करायचं ते सांगते!"

तिचा खरा मान मात्र वेगळ्याच गोष्टीत होता. एकेका पुस्तिकेच्या पाच-सात फाइली असत. 'अंतिम', 'अंतिम नवी', 'अंतिम खरी', आणि एक तर चक्क 'हीच घ्या'. त्यातली छापखान्यात जायची कोणती, हे फक्त थोरलीला ठाऊक. 'हीच घ्या' कधीच घ्यायची नसते, हेही तिलाच ठाऊक. त्यामुळे कोणालाही काहीही हवं असलं तरी तिच्यापाशी येऊन विचारावं लागे. ती हातातलं काम सावकाश संपवून, चष्मा वर करून सांगे. त्या सावकाशपणात तिला फार सुख होतं.

मग धाकट्या दिराचं लग्न झालं.

धाकटी आधी कुठल्याशा मोठ्या कंपनीत हेच काम करत होती. ती स्वतःचा लॅपटॉप घेऊनच या घरात आली. पहिल्या आठवड्यात तिने त्या सगळ्या 'अंतिम' पाहिल्या आणि खळखळून हसली. वाईट हेतूने नव्हे, पण हसली. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

महिनाभरात धाकटीने सगळ्या पुस्तिका साध्या मजकुराच्या फाइलींत आणल्या आणि दोन्ही संगणकांवर गिट, म्हणजे फाइलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी यंत्रणा, बसवली. काळा पडदा, त्यावर आज्ञा टाइप करायच्या. बटण नाही, चित्र नाही.

"ताई, फाइल जतन करणं वेगळं आणि कमिट करणं वेगळं," तिने समजावलं. "जतन केली की फक्त आजची राहते. कमिट केलं की त्या घडीची पक्की नोंद होते. मागची हवी तेव्हा परत काढता येते. आणि सोबत एक ओळ लिहायची, काय बदललं, का बदललं."

"का बदललं ते मला ठाऊक असतं."

"तुम्हाला असतं हो. मला कुठे असतं?"

धाकटीने सरळच विचारलं होतं. थोरलीला मात्र तो टोमणा वाटला. त्या दिवसापासून ती प्रत्येक नोंदीपुढे एकच शब्द लिहू लागली: 'बदल'. सकाळी बदल, दुपारी बदल, बदलावर बदल. धाकटी काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही याचाही थोरलीला राग आला.

सासऱ्यांना तर नवं खेळणंच मिळालं. ते खुर्ची ओढून धाकटीशेजारी बसू लागले. "उन्हाळ्यात या पानावर काय होतं गं?" असं विचारायचे, आणि धाकटीने ते जुनं पान पडद्यावर आणलं की मांडीवर थाप मारायचे. एकदा त्यांनी तिथूनच हाक मारली, "अगं थोरले, बघ तर, तुझं जुनं वाक्य!" वजनकाट्याबद्दलचं ते वाक्य जमलं नव्हतं म्हणून थोरलीने स्वतः खोडलं होतं. आता ते सासऱ्यांपुढे उघडं पडलं होतं. "छान आहे की," ते म्हणाले. "छान असतं तर खोडलं असतं का?" ती म्हणाली आणि पाणी प्यायला आत गेली.

एके सकाळी सासऱ्यांनी कागदांतून मान वर न करता विचारलं, "सूनबाई, पंपाची शेवटची प्रत कोणती?" थोरलीने चष्मा वर केला, तोंड उघडलं. तोवर धाकटीने सांगूनही टाकलं होतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं थोरलीच्या मनात आलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

पुढे एका कारखान्याचं शिलाई यंत्राच्या पुस्तिकेचं काम आलं. थोरलीने यंत्र आपल्या खोलीत ठेवून घेतलं. दोरा गुंतवला, सुई मोडली, कापडाखाली दोऱ्याचं जाळं होऊ दिलं आणि मग ते का होतं हे एका ओळीत पकडलं. दुरुस्तीचं प्रकरण आठवडाभर तिच्या हाताखाली होतं. इतकं चांगलं आपण कधी लिहिलं नाही, हे तिचं तिलाच कळत होतं. पण तिने ते कमिट केलं नाही. नोंद केली की ते धाकटीच्या पडद्यावर जाणार, मग धाकटी बाबांना वाचून दाखवणार, आणि बाबा मांडीवर थाप मारणार ती तिच्या खुर्चीशेजारी बसून. ते तिला नको होतं. सगळं पुरं झालं की छापून थेट त्यांच्या हातात ठेवायचं, असं तिने ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात कारखान्याकडून यंत्राच्या बदललेल्या आकृत्या आल्या. त्या थोरलीच्याच संगणकावर घालायच्या होत्या. त्या सकाळी थोरली बाहेर निघाली होती. धाकटीने दारातच विचारलं, "ताई, तुमचं सगळं कमिट झालंय ना?"

"झालंय," थोरली चपला घालता घालता म्हणाली.

ती परत आली तेव्हा प्रकरण नव्हतं. फाइल होती, पण आत आठवड्यापूर्वीचा मजकूर.

 नोंद न झालेल्या फाइली काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत दिसतात. थोरलीचा जुना संगणक फाइल नुसती उघडली तरी अशा खोट्या लाल ओळी दाखवायचा. धाकटीने तो नेहमीचाच कचरा समजला आणि एका आज्ञेत पुसून टाकला. नोंद झालेली कुठलीही गोष्ट परत आणता आली असती. ज्याची नोंदच नाही, ते कुठून आणणार?

सासरे कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "एवढी मोठी यंत्रणा बसवलीस आणि त्यातच हिचं काम बुडवलंस? विचारावंसं नाही वाटलं?"

धाकटी खाली मान घालून उभी होती. "चुकलं माझं, बाबा."

थोरलीला आधी गोड गोड वाटलं. खोटं कशाला बोला, पोटातून वाटलं. मग ती वाट पाहू लागली. आता ही सांगेल, 'मी विचारलं होतं, ताईच हो म्हणाल्या.' पण धाकटी अवाक्षर बोलली नाही. आणि तेव्हा थोरलीच्या गोडाचं कडू झालं. म्हणजे गप्प राहण्याचा मोठेपणाही हिनेच घ्यायचा? तेवढाही आपल्या वाट्याला नको?

दुपारी धाकटी तिच्या टेबलापाशी येऊन बसली. डोळे सुजले होते. "ताई, आठवेल तसं सांगा. मी टाइप करते."

"तू बाबांना सांगितलं का नाहीस?" थोरलीने एकदम विचारलं. "मी हो म्हणाले होते ते."

"म्हणालात ना. म्हणजे तुम्ही केलंच असणार. माझ्याच हातून काहीतरी उलटं झालं. सकाळपासून शोधतेय, नोंद कुठे गेली ते सापडतच नाहीये."

थोरलीला कळलं, हा मोठेपणा नव्हताच. पोरीने यंत्रापेक्षा जावेच्या शब्दावर जास्त भरवसा ठेवला होता आणि सकाळपासून स्वतःची चूक धुंडाळत बसली होती.

"नको शोधूस," थोरली म्हणाली. "मी केलंच नव्हतं. खोटं बोलले."

 धाकटी ताडकन उठली. "म्हणजे मी बाबांची सगळी बोलणी फुकट खाल्ली?" आणि दार आपटून निघून गेली.

थोरलीला वाटलं होतं, खरं सांगितलं की रडारड होईल, गळाभेट होईल. तसं काही झालं नाही. ती उठून सासऱ्यांकडे गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. मग म्हणाले, "मला वाटायचं तुला त्या काळ्या पडद्याचा कंटाळा आहे."

"पडद्याचा नाही, बाबा."

पुढे त्यांनी विचारलं नाही. पण संध्याकाळी धाकटीच्या खोलीच्या दाराशी जाऊन, आत न जाता, "माझंही चुकलं गं" असं म्हणून आले.

धाकटी कित्येक दिवस कामापुरतंच बोलली. थोरलीने प्रकरण पुन्हा लिहायला घेतलं. यंत्र परत बिघडवलं, बोट टोचून घेतलं. आधीच्यासारखं काही ते उतरलं नाही. काही ठिकाणी बरं झालं, पण ते जाळ्याचं वाक्य काही केल्या परत जमलं नाही. पानागणिक ती कमिट करत गेली, आणि 'बदल' लिहायचं तिने सोडून दिलं. 'दोरा आधी वर घ्या हे पुढे आणलं, कारण लोक आधी ओढतात आणि मग वाचतात,' असं काहीबाही ऐसपैस लिहायची. एक दिवस पलीकडच्या टेबलावरून हसू ऐकू आलं. "ताई, एक ओळ म्हटलं होतं मी. हे पत्र झालं!" थोरलीलाही हसू आलं, आणि मग दोघी बोलायला लागल्या.

पुस्तिका छापून गेली. एके दिवशी कारखान्यातून एका बाईंचा फोन आला. तो धाकटीने उचलला. दुरुस्तीचं प्रकरण लिहिणाऱ्याने शिलाई स्वतः केलेली दिसते, आमच्या मेकॅनिकनेही ते आवडीने वाचलं, असं त्या म्हणत होत्या. सासरे कान टवकारून बसले होते. "थांबा हं," धाकटी म्हणाली, "जिने लिहिलंय तिलाच देते," आणि तिने फोन पुढे केला.

थोरलीने तो घेतला. कौतुक मन भरून ऐकलं, बाईंचे आभार मानले, नीट बोलली. फोन ठेवताना तिला वाटलं, आपण हिच्या जागी असतो तर असा पटकन पुढे केला असता का? नसता केला. आधी चार वाक्यं स्वतः ऐकून घेतली असती. धाकटी तर केव्हाच आपल्या कामाला लागली होती, जणू काही झालंच नाही. तिचं ते सहज वागणं थोरलीला आतल्या आत पुन्हा एकदा टोचलं. ती आपल्या खुर्चीत बसली आणि नव्या पंपाचं झाकण खोलू लागली.