रत्नकाजीची मोगरी

दुपारचं जेवण झालंय. रत्नकाजी डांगोल माजघरात लवंडलाय, डोळे मिटू की नको करताहेत. बाहेर नेपाळातल्या पाटणच्या गल्लीत रथ उभा आहे. हिंदू आतल्या देवाला मच्छिंद्रनाथ म्हणतात, बौद्ध करुणामय; दोर मात्र सगळे मिळून ओढतात. हा घरांहून उंच रथ थांबवायचा, वळवायचा तो चाकाखाली लाकडी मोगरी सारून, आणि तो मान डांगोलांचा. काल रत्नकाजीने मोगरी सारली आणि रथ एका घरावर आदळला. सज्जा कोसळला. "जुजुमानच्या पोटी हे निपजलं!" लोक तोंडावर म्हणाले. आज चारला रथ पुन्हा निघेल. मोगरी चुलतभावाला देऊन टाकायची, असं त्याने ठरवलंय.

"सरक की जरा!"

उशाशी बा बसलेत. जुजुमान. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

"बा, मी तुमचं नाक कापलं."

"हे बघ, आहे जागेवर! चल, ऊठ."

माजघराला चाकं आहेत. चुलीवर भात रटरटतोय आणि घर गल्लीतून चाललंय. गल्लीत गुडघाभर भातरोपं. बापलेक चाकासमोर उलटे चालताहेत. एक म्हातारी दिवा ओवाळायला वाकते, घसरते, थेट उजव्या चाकापुढे पडते. रत्नकाजी तिथेच मोगरी हाणतो. उजवं चाक जागीच थांबतं, डावं पुढे येतं, रथ वळून कालच्याच सज्ज्यावर जातो.

"हे कुणाला बोलला का नाहीस?"

"ती उठून गर्दीत गेली, बा. कोण विश्वास ठेवणार?"

"ओढणाऱ्यांच्या पाठी होत्या तिच्याकडे. मी बघत होतो ना!" बा मोगरीवरून हात फिरवतात. "तीस वर्षं मोगरी लावली मी. लेका, सज्जा पुन्हा बांधता येतो. म्हातारी बांधता येते का?"

"जन्मात कधी शाबास म्हणाला नाहीत तुम्ही."

"चाकावरून नजर काढली असती, तर म्हणालो असतो! आज मोकळा आहे. शाबास, माझ्या वाघा!"

आणि ते पाठीत अशी थाप घालतात की रत्नकाजी धडपडतो.

तो उठून बसलाय. दारात बायको, थीरमाया.

"अहो, भावोजी मोगरी न्यायला आलेत. अगंबाई, धुतलेल्या बनियनला हे काय फासलंत?"

पाठीवर पाच बोटांचा पंजा आहे, ओला. चाकाच्या आसाला घालतात त्या मोहरीच्या तेलाचा वास येतोय.

"काढा तो बनियन आधी."

"आज कोण काढतंय!" रत्नकाजी मोगरी उचलून खांद्यावर घेतो आणि सगळ्या गल्लीला पाठ दाखवत रथाकडे निघतो.